बेचाळीस प्रश्नांची असेनाती

असेनातीने नवऱ्याला खाऊ घालून घालून मारलं, असं आमच्या गावात सगळे म्हणतात. दुकानात म्हणतात, चर्चच्या पायऱ्यांवर म्हणतात, बिंगोच्या मध्यंतरात तर हमखास म्हणतात. नारळाच्या दुधातलं डुक्कर, त्यावर डब्यातलं गोमांस, त्यावर चमचा उभा राहील इतकी साखर घातलेला कोको. "माणूस फुगत गेला, फुगत गेला आणि फुटला," असं माझी बर्था मावशी म्हणते, आणि "फुटला"ला टाळी वाजवते.

हे खोटं आहे. मला ती बाई आवडत नाही, हे आधीच सांगून ठेवते, पण खोटं ते खोटं. अँब्रोज ती यायच्या आधी दिवसाला नऊ कॅन कोला प्यायचा आणि दहावा गाडीत ठेवायचा. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं ती यायच्या आधीच दक्षिणेच्या हॉस्पिटलात राहिली होती. उलट असेनातीच त्याला रोज विमानपट्टीच्या टोकापर्यंत चालवत न्यायची. पुढे ती, गवा चालल्यासारखी, आणि मागे तो, शिव्या देत. "थांब ना गं, माझा श्वास मागे राहिला." "मग परत जाऊन घेऊन ये," ती म्हणायची, आणि थांबायची नाही. नर्सने त्याला दोन वर्षं दिली होती. तो आठ जगला. म्हणजे मारलं असलंच, तर फार सावकाश मारलं.

ती आमच्याकडे आली ती कागद घेऊन. मी तेव्हा आठ वर्षांची होते. दक्षिणेच्या कुठल्याशा विद्यापीठातल्या एका बाईंना बघायचं होतं, की समुद्रातल्या सामोआ बेटावरच्या गावाचं बरं चाललंय की उत्तरेच्या थंड उपसागराकाठच्या आमच्या क्री आदिवासींच्या गावाचं. दोन्हीकडे चर्च, दोन्हीकडे साखरेचा आजार, दोन्हीकडे पोरं बाहेर पळणारी, दोन्हीकडे जेवण डब्यातून येणारं. तिकडे जहाजाने, इकडे विमानाने. त्या बाईंनी बेचाळीस प्रश्न लिहिले. सामोआत ते असेनातीने घरोघर विचारले होते. मग दोन्हीकडे एकाच तोंडाने विचारलेले बरे, म्हणून तिला इकडे आणलं. ती विमानातून उतरली तेव्हा तिच्या पायात रबरी चपला होत्या आणि महिना नोव्हेंबर होता.

प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी तीन उत्तरं असायची. तिचा आवाज जाड, गळ्यातून उकळत आल्यासारखा, आणि प्रश्न संपला की ती पेन वर धरून म्हणायची, "नेहमी, कधीकधी, की कधीच नाही?" आठवड्याभरात गावातली सगळी पोरं तसंच बोलायला लागली. "तुझा बाप आंघोळ करतो का? नेहमी, कधीकधी, की कधीच नाही?"

आमच्या घरी ती आली तेव्हा युफेमी आजी मूसचं, त्या घोड्याएवढ्या हरणाचं, कातडं खरवडत होती. आजीने मान वर केली नाही.

"या घरात रात्री किती माणसं झोपतात?"

"झोपत कुणीच नाही. हे सगळे घोरतात."

"पण किती?"

"मोज," आजी म्हणाली आणि ओठ पुढे काढून खोलीकडे दाखवलं. आम्ही तेव्हा नऊ होतो. आता अकरा आहोत. खोल्या दोनच आहेत. खोल्या वाढत नाहीत, मावश्यांना जुळी होतात.

"घरातले निर्णय कोण घेतं?"

"ज्याला थंडी वाजते तो शेगडीजवळ जातो. यात निर्णय कसला?"

असेनातीने कागदावर पेन वरून खाली नेलं. त्या उत्तराला चौकोन नव्हता. मग तिने दोन्ही भुवया झटकन वर उचलल्या. त्यांच्याकडे भुवया उचलणं म्हणजे "हो." हे आम्हाला वर्षभराने कळलं. तोवर अख्ख्या गावाला वाटत होतं की ही बाई प्रत्येक उत्तराला नाक मुरडते आहे.

एक मात्र सांगायला हवं. एकतिसावा प्रश्न होता, की या घरातलं कुणी तरुण माणूस गेल्या पाच वर्षांत गेलं का, आणि कसं. आजीचा हात कातड्यावर थांबला. असेनातीने पेन खिशात घातलं, तो चौकोन कोरा सोडला, आणि बत्तिसावा प्रश्न विचारला. कुठल्याच घरी तिने तो चौकोन भरला नाही. विद्यापीठातल्या बाई तिच्यावर त्यासाठी चिडल्या म्हणे.

पण नंतर तिने काय केलं? वर्षभराने अहवाल आला, आणि सभागृहात सगळ्यांना बसवून तो मोठ्याने वाचून दाखवला. बाईंनीच सांगितलं होतं म्हणे. दोन रकाने. डावीकडे तिचं गाव, उजवीकडे आमचं. एका छपराखाली माणसं: तिकडे जास्त, पण तिकडच्या घरांना भिंतीच नसतात, मग गर्दी कशी म्हणणार? जमीन: तिकडे घराण्याची, कुणी हात लावू शकत नाही. इकडे पायाखालची जमीन सरकारची आणि डोक्यावरचं छप्पर गावच्या कौन्सिलचं. घर हवं असलं तर: तिकडे घराण्याच्या मुखियाला विचारायचं आणि खांब रोवायचे. इकडे यादीत नाव घालायचं आणि म्हातारं व्हायचं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की बहुतेक बाबतींत उजव्या रकान्याची स्थिती अधिक बिकट आहे.

 मग मागून इझ्राएल मामा म्हणाला, "म्हणजे एवढ्या लांबून आमची गरिबी मोजायला आलीस? इथल्याच कुणाला विचारलं असतंस तर फुकट सांगितली असती."

असेनाती म्हणाली, "आमच्याकडे पैसा भाऊ पाठवतो, न्यूझीलंडहून. तुमच्याकडे सरकार पाठवतं. आपण दोघंही दुसऱ्याच्या ताटातलं जेवतो. फरक इतकाच, की भावाला शिव्या देता येत नाहीत."

ती विनोद करत होती. कुणी हसलं नाही. फक्त अँब्रोज हसला, एकटाच, खुर्ची हलेपर्यंत. आणि उन्हाळ्यात त्या दोघांनी लग्न केलं.

तेव्हापासून ती इथे होती, आणि तेव्हापासून तिचं "आमच्याकडे" चालू होतं. आमच्याकडे पोरं मोठ्यांसमोर उभ्याने खात नाहीत. आमच्याकडे संध्याकाळी शंख वाजला की सगळे प्रार्थनेला बसतात, रस्त्यावर कुत्रंसुद्धा हिंडत नाही. "मग कुत्री कुठे बसतात?" असं मी एकदा विचारलं होतं. तिने मला उत्तर दिलं नाही, पण माझ्या आईला सांगितलं.

अँब्रोज फेब्रुवारीत गेला. त्याच्या घरी, त्याच्या खुर्चीत, सकाळच्या कॉफीनंतर. घर त्याचं म्हणजे कौन्सिलचंच, पण तीन खोल्यांचं, आणि पोरंबाळं नाहीत.

आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरी चूल पेटवायची वेळ येऊ देत नाहीत. सगळे काही ना काही नेतात. आजीने फ्रीझरच्या तळातून दोन रानहंस काढले. गेल्या वसंतातले शेवटचे दोन. ते ती जुन्या माणसांच्या वाढदिवसासाठी ठेवते आणि आम्हाला त्यांच्याकडे बघूही देत नाही. तिने ते स्वतः नेले, दारात ठेवले, असेनातीचा हात एकदा दाबला आणि परत आली. एवढंच. हंस देताना आमच्यात बोलत नाहीत.

अर्ध्या तासात आमच्या दारात घसरगाडी थांबली. असेनातीने पाठवली होती. वर डब्यातल्या गोमांसाची दोन खोकी, एक घोंगडी आणि अँब्रोजची चांगली कुऱ्हाड.

आजीने खोकी पाहिली. डबे मोजले. कुऱ्हाडीच्या पात्यावरून अंगठा फिरवला.

"हे काय आहे?"

"तुमच्यासाठी आहे," घसरगाडीवाला म्हणाला. "सगळ्यांना देतेय. ज्यांनी काही आणलं त्या सगळ्यांना."

"म्हणजे हंसांची किंमत दिली तिने मला."

"तसं नसेल, आजी..."

"मी बाजार मांडलाय? मी दुकान आहे?"

आणि खरंच, ती सगळ्यांना देत सुटली होती. बर्फाच्या रस्त्याने शहराहून ट्रक मागवून चाळीस खोकी आणली होती. कुणी भाकरी नेली, त्याला एक खोकं. कुणी सूप नेलं, त्याला एक खोकं आणि खुर्ची. कुणी नुसतं रडून आलं, त्यालाही उशी. अँब्रोजची स्किडू, म्हणजे बर्फावरची मोटारगाडी, त्याच्या चुलतभावाला दिली. चौथ्या दिवशी मी तिच्या खिडकीतून डोकावले, तर आत टेबल, गादी आणि भिंतीवर एक चटई, बस. बाकी घर बोडकं.

"घर रिकामं करतेय," बर्था मावशी म्हणाली. "निघाली. बेटावर निघाली. आणि जाता जाता आमच्या तोंडावर डबे मारून चालली."

 आजीने स्कार्फ बांधला, कौन्सिलच्या ऑफिसात गेली, आणि घरांची यादी सांभाळणाऱ्या थिओसमोर बसली.

"यादीत पहिलं नाव कुणाचं?"

"तुमचं, युफेमी आजी. अकरा वर्षं तुमचंच आहे."

"अँब्रोजचं घर मला पाहिजे."

थिओने मान खाजवली. असेनाती आमच्या बँडची, म्हणजे सरकारदरबारी नोंदलेल्या आमच्या जमातीची, सदस्य नाही, आणि घर सदस्याला असतं, हा नियम होता. पण विधवेला लगेच काढायचं असाही नियम नव्हता. थिओने दोन्हींच्या मधलं पत्र लिहिलं: नदीचा बर्फ फुटेपर्यंत तिने राहावं. मग घर युफेमीचं.

आमच्या घरी त्या रात्री जेवण कुणाच्या घशाखाली उतरेना, आनंदाने. मावशीने खोल्या वाटून टाकल्या. मला अँब्रोजच्या हत्यारांची खोली मिळाली. खिडकी पूर्वेला, दाराला आतून कडी. कडी! मी सोळा वर्षांत आतून कडी असलेल्या खोलीत फक्त संडासात बसले होते, आणि तिथेही बाहेरून कुणीतरी दार वाजवत असतंच.

त्यामुळे दोन दिवसांनी दुकानात मी जरा रंगात होते. गोठवलेल्या मटारांच्या पेटीवर चढून, पाकीट पेनासारखं वर धरून, जाड आवाजात: "माझ्या नवऱ्याला मी किती वेळा जेवू घातलं? नेहमी, नेहमी, की नेहमी?" सगळे हसत होते आणि मग एकदम हसायचे थांबले.

ती मागे उभी होती. हातात बटाट्यांची पिशवी.

"आवाज अजून खालून काढ," ती म्हणाली. "पोटातून. तू नाकातून काढतेस. आणि मी पेन डाव्या हातात धरते."

मी पेटीवरून उतरले. लाज वाटली असं नाही, पण कान तापले. आणि कान तापले की माझी जीभ सुटते.

"तू जाणारच आहेस," मी म्हटलं. "नदी फुटायच्या आत विमानात बसशील. इतकं सामान वाटलंस, ते काय उगाच?"

"पैज?"

"पैज."

"मी गेले नाही, तर?"

"तर वसंतातल्या शिकारीत लोक तुझ्या वाट्याला देतील तेवढे सगळे हंस मी सोलून देईन. शेवटच्या पिसापर्यंत." हे बोलायला सोपं होतं. ज्या बाईने अख्ख्या गावाचा अपमान केला, तिला यंदा हंस देणार कोण?

"आणि मी गेले, तर? माझी खोली मागू नकोस, ती तर तुला मिळतेच आहे."

"तुझी भिंतीवरची चटई."

तिने बटाटे खाली ठेवले. ती चटई तिच्या आजीने विणली होती, दोन वर्षं लागली होती. कुठल्याशा झाडाच्या पानांचे दोऱ्याएवढे बारीक पट्टे, कापडासारखी घडी होणारी, आणि काठाला लाल पिसं. मला ती त्या दारावर आतून लावायची होती, कडीच्या वर.

तिने भुवया उचलल्या. म्हणजे हो.

मग जाता जाता वळून म्हणाली, "युफेमी का रागावली? ती मला बघून रस्ता बदलते. अँब्रोज असता तर त्याला विचारलं असतं."

मी सांगायला नको होतं. मी सांगितलं, कारण मला तिचा चेहरा बघायचा होता.

"तू तिला हंसाची किंमत दिलीस. तिने तुला शेवटचे दोन हंस दिले, आणि तू अर्ध्या तासात हिशोब चुकता केलास. जशी काही तिची कुठलीच गोष्ट तुला घरात ठेवायची नव्हती."

"किंमत?" तिचा आवाज खरंच पोटातून आला. "ती किंमत नव्हती. आमच्याकडे मर्तिकाला आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवणं म्हणजे त्याच्या पाठीवर थुंकणं. जेवढं मोठं आणलं, त्याहून मोठं द्यायचं. मी अँब्रोजचं नाव राखत होते. सगळं घर दिलं मी त्याच्या नावासाठी."

"इथे त्याला उद्धटपणा म्हणतात," मी म्हटलं आणि माझ्या चॉकलेटचे पैसे दिले. मागे वळून पाहिलं तर ती तिथेच उभी होती, बटाटे जमिनीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा मावशी खिडकीशी होती.

"आपल्या पायरीपुढे काय आहे गं ते? कुणी स्किडू झाकून ठेवलीय का?"

स्किडू नव्हती. चटई होती, लाल पिसांची. माझी चटई! आणि चटईखाली माणूस. गुडघ्यांवर बसलेलं, मान खाली, डोक्यावरून पाठीपर्यंत चटई. बाहेर उणे चोवीस होतं.

अकराच्या अकरा जण खिडकीला. धाकट्यांनी काचेवर नाकं चिकटवली.

"शाप घालतेय," मावशी म्हणाली.

"मोर्चा आहे," मामा म्हणाला. "एकटीचा मोर्चा. घरासाठी."

आजीने एकदा पाहिलं आणि शेगडीकडे परत गेली. "तिचं तिचं काहीतरी चाललंय. मोठ्या बाईच्या कामात आपण नाक खुपसायचं नाही."

हे आमचं असंच आहे. कुणी पातळ बर्फावर चाललं तरी आम्ही एकदा खोकतो, दुसऱ्यांदा खोकत नाही. माणूस मोठं आहे, त्याला कळतं. तेव्हा पोरं तिला वळसा घालून शाळेला गेली. थिओ येऊन थोडा वेळ उभा राहिला, खोकला, आणि गेला. शेजारचं कुत्रं तिला टेकून बसलं, तेवढंच काय ते.

नऊ वाजता मला राहवलं नाही. माझ्या चटईवर बर्फ साचत होता. मी बाहेर गेले.

"काय करतेयस?"

"बसलेय," चटईखालून आवाज आला.

"किती वेळ?"

"तुझी आजी चटई उचलेपर्यंत. आमच्याकडे मोठी चूक झाली की असं बसतात. पहाटेपासून, त्यांच्या दारात. सगळं घराणं बसतं, मुखिया चटईखाली." जरा थांबून ती म्हणाली, "इथे माझं घराणं म्हणजे मीच."

"आणि नाही उचलली तर?"

"पूर्वी दगड मारायचे. कधीकधी कुऱ्हाड." तिचे दात वाजत होते. "कुऱ्हाड तर मीच देऊन बसलेय तुम्हाला."

"ती चटई माझी आहे," मी म्हटलं. "पैजेची."

"अजून नाही."

मी आत जाऊन आजीला सगळं सांगितलं. आजी चहा ढवळत राहिली.

"म्हणजे मी उठवलं तर उठेल?"

"हो."

"आणि मी उठवलं, तर मी माफ केलं असं होईल?"

"त्यांच्याकडे तसं आहे."

"मी तिला बसायला सांगितलं नाही. मी तिला उठायला का सांगू?" आजी म्हणाली, आणि चहात तिसऱ्यांदा साखर घातली.

म्हणजे बघा. ती उठवल्याशिवाय उठणार नव्हती, कारण त्यांच्यात तसं आहे. आणि ही उठवणार नव्हती, कारण आमच्यात तसं आहे. विद्यापीठातल्या बाईंनी दोन रकाने केले होते, त्यांत हे कुठेच नव्हतं.

दहा वाजले. अकरा वाजले. मावशी म्हणाली, "मरू दे. घर लवकर मिळेल." म्हणाली आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला.  आजी तीनदा उठली, तीनदा बसली. साडेअकराला कुत्रं उठून गेलं.

कुत्रं गेलेलं आजीने पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं. ती घरातल्या सपाता घालूनच बाहेर गेली, पायऱ्या उतरली, आणि दोन्ही हातांनी ती चटई खसकन ओढली. तंबूचं कापड ओढतात तशी.

"भवाने! माझ्या दारात मेलीस तर लोक मला नावं ठेवतील! ऊठ! कुत्र्याला कळतं घरी कधी जायचं ते, तुला कळत नाही?"

असेनातीने मान वर केली. भुवयांवर बर्फ, पापण्यांवर बर्फ. तरी त्या भुवया वर गेल्याच.

"उचललीस," ती म्हणाली.

"काय?"

"चटई."

"मी काहीही उचललं नाही! मी ओढली!"

पण असेनाती रडायला लागली होती, एवढी मोठी बाई, तोंड उघडं टाकून, आणि तिला उभं राहता येत नव्हतं. मग आजीने एका बगलेत हात घातला आणि मी दुसऱ्या. ओल्या मूसएवढी जड.

आत तिला शेगडीजवळ बसवलं. चहा दिला, गरम सूप दिलं. तिने वाटी रिकामी केली आणि तिचा हात आपोआप कोटाच्या खिशाकडे गेला. आजीने त्या हातावर चापट मारली, फट्‌!

"खबरदार काही काढलंस तर! खा आणि गप्प बस. आज नाही द्यायचं. पुढच्या वर्षी दे. नाहीतर या पोरांना दे. नाहीतर मी मेल्यावर कुणा तिसऱ्याला दे. लगेच दिलंस की संपलं. संपवायची घाई कसली तुला?"

असेनाती हात मांडीखाली घेऊन बसली, शाळेतल्या पोरीसारखी. आजीने चटई दोन्ही हातांत धरून उजेडाकडे नेली. तिने आयुष्यभर पिसं हाताळली आहेत.

"ही लाल कुठल्या पक्ष्याची?"

"पूर्वी पोपटाची असायची."

"आणि ही?"

"कोंबडीची. रंगवलेली."

"कोंबडी!" आजी म्हणाली, आणि इतकी हसली की तिला खोकला लागला. मग तिने चटईची घडी घातली आणि आपल्या उशीखाली ठेवली. माझी चटई.

पुढच्या आठवड्यात कौन्सिलची बैठक होती. चीफने विचारलं, "युफेमी, घर तुमचं लिहायचं ना?" मी दाराजवळ उभी होते, मनातल्या मनात कडी लावत.

आजी उभी राहिली. "ज्या बाईला मी माझ्या शेगडीजवळ बसवलं, तिला मी रस्त्यावर बसवू? मग लोक म्हणतील, आधी सूप दिलं आणि मग त्याची किंमत घर म्हणून घेतली. मी तिला माफ केलेलं नाही, हे लिहून घ्या. पण घर तिच्या नावावर ठेवा. तिच्याकडे तीन खोल्या आहेत आणि ती एक आहे. माझ्याकडे दोन आणि अकरा. बर्था, जुळी आणि ही कार्टी तिच्याकडे जातील."

थिओ म्हणाला, "पण नियम..."

"तुझा जन्म झाला तेव्हा मी तुझी नाळ कापली," आजी म्हणाली. थिओने लिहून घेतलं.

असेनातीला विचारलं. ती म्हणाली, "आमच्याकडे घराला भिंती नसतात. चारच का?" मावशीने कपाळावर हात मारला.

तर आता मी तिच्या घरी राहते. हत्यारांची खोली मिळाली, पण कडी तिने पहिल्याच दिवशी काढली. "आमच्याकडे..." पुढचं मी ऐकलं नाही. संध्याकाळी सहाला ती भोंगा वाजवते, शंख नाही म्हणून, आणि आम्हाला प्रार्थनेला बसवते. उभ्याने बिस्कीट खाल्लं तर ओरडते. मावशी आणि ती रोज भांडतात, दोन भाषांत आणि एका स्वयंपाकघरात. मावशी अजूनही दुकानात "फुगला आणि फुटला" सांगते, फक्त आता ती घराकडे बघून मग टाळी वाजवते. मला ती बाई अजून आवडत नाही, तिचं घोरणं तर मुळीच नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नदी फुटली. बंदुकीसारखा आवाज आला, सगळे काठावर धावले. असेनाती माझ्या शेजारी उभी होती, रबरी चपलांत. बर्फाचे घराएवढे तुकडे समुद्राकडे चालले होते आणि ती कुठेही चालली नव्हती.

"पैज," ती म्हणाली.

"हो हो, आठवतंय," मी म्हटलं. मला वाटलं, दोन हंस. फार तर तीन.

पण आमचे लोक शहाणे झाले होते. हिला हंस दिला की ही खोकं देते, खुर्ची देते, उद्या दारं देईल. म्हणून ते हंस पायरीवर ठेवायचे, दार ठोकायचे आणि पळून जायचे. चांगले चांगले म्हातारे, गुडघे दुखणारे, कोपऱ्यामागे लपायचे. इझ्राएल मामा पळताना चिखलात पडला. थिओने तर रात्रीत पाच ठेवले. असेनाती डबा घेऊन दार उघडायची, आणि बाहेर कुणी नाही, फक्त हंस. ती रस्त्यावर येऊन ओरडायची, "कोण आहे? समोर या!" आणि अख्खं गाव गप्प.

एकेचाळीस. माझे त्यातले तेवीस सोलून झालेत. बोटं सुजली आहेत, पिसं केसांत आहेत, कानांत आहेत, चहात आहेत. ती समोर बसते, डाव्या हातात पेन असल्यासारखं एक लांब पीस धरते आणि पोटातून आवाज काढते:

"तू पैज हरतेस का? नेहमी, कधीकधी, की कधीच नाही?"

दार ठोकल्याचा आवाज येतो. मावशी उघडते. बाहेर कुणी नाही.

बेचाळीस.